लोखंडाचा धवला

रसायन सहाध्याय मंडळ स्थापन झालं तेव्हा आमच्यातल्या एकालाही रसायन येत नव्हतं. मंडळाची घटना मात्र आठवड्याभरात सगळ्यांना पाठ झाली.

साल सत्त्याऐंशी. कल्याणच्या कॉलेजात एफ.वाय. बीएस्सीला आलेलो आम्ही मराठी शाळांचे. बारावी गाइड पाठ करून निभावलेली. पण इथं परीक्षक टेबलासमोर उभा राहून तोंडी विचारतो, तेही इंग्रजीत, हे आल्यावर कळलं. तेव्हा आम्ही श्रीरंग आठल्येच्या गच्चीवर जमलो. श्रीरंग डोंबिवली पूर्वेचा. त्याच्याकडे गच्चीची किल्ली होती, काकांच्या ऑफिसातलं सायक्लोस्टाइल मशीन होतं, आणि आपलं इंग्रजी चांगलं आहे अशी खात्री होती. एवढ्या भांडवलावर माणूस अध्यक्ष होतोच. तो झाला.

पहिल्या रविवारी मंडळाचं नाव ठरलं. दुसऱ्या रविवारी 'सहाध्याय' बरोबर की 'सहाध्ययन' यावर दोन तास गेले आणि दोन सभासद गेले. उरलो आम्ही नऊ. तिसऱ्या रविवारी उद्दिष्टं लिहिली. त्यात क्रमांक तीनला आलं : दुर्बल सहाध्यायींना हात देणे.

आता हात द्यायचा तर दुर्बल कुठून आणायचे? आम्ही नऊ जण एकमेकांकडे बघत बसलो. प्रत्येकाला शेजारचा दुर्बल वाटत होता, पण तसं बोलणार कोण.

"ती रिपीटर आहे ना वर्गात," श्रीरंग म्हणाला, "खाडीवरची. सगुणा. आणि ती आंबिवलीहून येते ती सुमेधा."

"सुमेधाला तर युनिट टेस्टला तुझ्यापेक्षा चार मार्क जास्त आहेत," मी म्हणालो.

"मार्कांचं नाही रे, पार्श्वभूमीचं म्हणतोय मी," श्रीरंग समजुतीनं म्हणाला.

अशा रीतीनं आम्हाला दोन दुर्बल मिळाले. सुमेधाचं अक्षर चांगलं म्हणून तिला सभेचं इतिवृत्त लिहायला बसवलं. सगुणाला काहीच दिलं नाही, कारण तिला आम्ही हात देणार होतो.

सगुणा डोंबिवली पश्चिमेच्या खाडीकाठची. बाप भिवाजी होडी घेऊन खाडीत जाणारा. आदल्या वर्षी ही पोर सगळ्या विषयांत पास झाली आणि केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला गचकली. नळीत जे दिसायला हवं ते सगळं दिसलं होतं. पण परीक्षकांनी इंग्रजीत 'का' विचारलं, आणि ही खांबासारखी उभी राहिली. घरी भिवाजीनं एकच वाक्य सांगितलं होतं : "एक वरीस अजून. मंग बस." बसायचं म्हणजे घरी नव्हे. सगुणाची आत्या आवडाबाई ही गावची धवलारीण. खाडीकडच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीला एकेक गाणं लागतं, त्या गाण्याला म्हणतात धवला, आणि ते गाणाऱ्या बाईला धवलारीण. आवडाबाईनं भाचीचा गळा कधीच हेरून ठेवला होता. "नापास झालीस का सरल माझ्यासंगं मांडवान उभी ऱ्हा," ती म्हणायची, आणि म्हणताना तिच्या डोळ्यांत नापासाच्या निकालाची फार माया दाटून यायची.

सगुणाला गाणं नको होतं असं नाही. पण तिच्या शेजारची एक बाई वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या कारखान्यात, लॅबमध्ये होती. "दिवसभर नुस्त्या नल्या बघायच्या," सगुणा सांगायची, "आन् रंग लिवून ठेवायचं. येवढंच काम! मना बोलवलं तं मी जेवायला पन घरी येनार नाय." आमच्यात बाकी कोणाला नळीत बघायची हौस नव्हती. आम्हाला नळीत बघून झालेलं असायला हवं होतं.

प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यात मोठं संकट म्हणजे सॉल्ट अ‍ॅनॅलिसिस. एक पुडी देतात, पांढरी नाहीतर रंगीत. तिच्यात कुठला धातू दडलाय ते ओळखायचं. धातूंचे सहा गट. एकेक रसायन क्रमानं घालत जायचं. ज्या गटाला साका, म्हणजे तळाशी गाळ, बसेल, त्या गटात आपला चोर. त्यातल्या एका रसायनाचा वायू सडक्या अंड्यांसारखा घाण मारतो. तो सोडला की आम्ही सगळे रुमाल नाकाला लावून खिडकीशी. सगुणा तेवढी टेबलाशी.

"हिला सवय आहे," श्रीरंग रुमालाआडून हसत म्हणाला.

"नाय रे बाबा," सगुणा नळीवरची नजर न काढता म्हणाली, "आमची मासली सुकताना पन एवरी घान नाय सुटत. ही तुमची शिकल्या लोकांची घान."

डिसेंबरात एकदा सुमेधा तिच्या शेजारच्या टेबलावर होती. सगुणाच्या हातात नळी, आणि तोंडात काहीतरी गुणगुण.

"काय गं म्हणतेस?"

"काय नाय गो. यो शिसं कंच्या गटान ते माझे ध्यानान ऱ्हात नाय. म्हनून त्याला मांडवान बसवला."

"म्हणजे?"

मग सगुणानं सांगितलं. सहा गट म्हणजे सहा पंगती. पहिली पंगत जेवून उठल्याशिवाय दुसरी बसवायची नाही. एकेक धातू म्हणजे एकेक पाहुणा. आणि प्रत्येक पाहुण्याला तिनं एकेक धवला घातला होता, आत्याच्या चालीवर :

पयला धवला शिसेदेवाला गो,
गारठ्यान खाली बसला गो,
ऊन पान्यान इरघलून गेला,
आयोडाइडन हलद लावली गो.

सुमेधा हातातली नळी स्टँडला ठेवायची विसरली. कारण त्या चार ओळींत पुस्तकाची दीड पानं होती. शिशाचा साका थंडीत बसतो, गरम पाण्यात विरघळतो, आयोडाइड घातलं की पिवळा होतो. बरोब्बर तसंच, पण लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखं. "पुढचा म्हण," ती म्हणाली. पुढचा तांब्याचा निघाला :

दुसरा धवला तांबेदेवाला गो,
कालोखाचा शेला घेतला गो,
अमोनियाचे वाऱ्यान सोरला,
निला निला जाला गो.

काळा साका, मग अमोनियानं निळा. आणि तिसरा लोखंडाचा :

तिसरा धवला लोखंडदेवाला गो,
अमोनियाचे मांडवान आयला गो,
पुढं चाले क्लोराइड करवली,
मांगशी हायड्रॉक्साइड आयली गो,
काथाचा सदरा अंगान घातला,
थाटान मधी बसला गो.

"काथ म्हणजे?"

"पयले जाली रंगवायचे ना काथान, तो. तांबूस. तुमचे पानान घालतात तोच."

सुमेधानं सगळं वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे होतं, तिसऱ्या दिवशी चंदूकडे. चंदू मंडळात सगळ्यात मंद मानला जायचा. त्याला स्वतःचा रोल नंबर लक्षात राहत नसे. तो चंदू कॅन्टीनमध्ये वडापाव हातात धरून जस्ताचा धवला म्हणू लागला. जानेवारीत आमच्या तोंडी सहाच्या सहा पंगती बसल्या. नळी हातात घेतली की गाणं आपोआप सुरू व्हायचं, आणि गाण्यात पुढची ओळ आली की हात आपोआप पुढच्या बाटलीकडे जायचा. टर्मच्या प्रॅक्टिकलला मंडळ पहिल्यांदाच अख्खं पास झालं. सगुणाला सगळ्यांत जास्त, सुमेधाला तिच्याखालोखाल. श्रीरंग पाचवा.

पुढच्या रविवारी गच्चीवर श्रीरंग गंभीर होता.

"गाणं उत्तम आहे," तो म्हणाला. "पण गाणं आहे."

आम्ही मान डोलावली. काय म्हणतोय ते कळलं नव्हतं, पण वजन होतं वाक्याला.

"युनिव्हर्सिटीचा परीक्षक येणार. त्याच्यासमोर काय 'गो' म्हणणार तुम्ही? 'पयला' काय, 'हलद' काय! मी असं सुचवतो की, मंडळानं याचं आधी शुद्धीकरण करावं आणि मग इंग्रजी भाषांतर. नोट्स काढू. सायक्लोस्टाइल."

"नोट्स कर," सुमेधा म्हणाली. "पण ओळ न् ओळ सगुणाला विचारून कर."

"अगं विचारायचं काय त्यात? मराठीत मला शाळेत ब्याऐंशी होते."

"ती मराठी नाय," सगुणा हळूच म्हणाली. "आमची बोली हाय."

"तेच ते," श्रीरंग म्हणाला. "अशुद्ध मराठी."

 सगुणाची परीक्षा तोंडावर होती आणि मंडळाचा हात अजून तिच्या खांद्यावर होता. हात फार जड असला की माणूस खाली बघतो.

नोट्स आल्या त्या परीक्षेच्या दोन दिवस आधी. लॅब तोवर बंद झालेली. सगुणा त्या दिवशी आली नव्हती. आवडाबाईनं तिला एका हळदीला ओढून नेलं होतं. सहा पानं, जांभळ्या शाईत, वर मंडळाचं नाव, खाली 'आधार : लोकस्रोत'. इंग्रजी असं की वाचताना आपण शिकलेले आहोत असं वाटावं. श्रीरंगनं दोन रात्री जागून एकेका शब्दाचा अर्थ लावला होता, आणि जिथं अर्थ लागत नव्हता तिथं त्यानं आत्मविश्वास लावला होता.

धवला. धवल म्हणजे शुभ्र. तेव्हा प्रत्येक धातूच्या पुढं पहिला शब्द पडला : व्हाइट. शिसं व्हाइट. तांबं व्हाइट. लोखंड व्हाइट. मॅंगनीज, निकेल, कोबाल्ट, सगळी मंडळी सोवळं नेसून पंगतीला बसलेली. काथ या शब्दापाशी तो थोडा अडला असावा. मग त्यानं ओळखलं की, हा काथ्या. म्हणून लोखंडाचा साका झाला 'व्हाइट अँड फायब्रस', पांढरा आणि धागेदार. शिशाला हळद लागली होती, तिथं त्यानं लिहिलं 'टर्मरिक टेस्ट पॉझिटिव्ह'. आणि तांब्यानं काळोखाचा शेला घेतला होता, त्याची सूचना झाली : टेस्ट ट्यूब काही काळ अंधारात ठेवावी.

सुमेधानं पान वाचलं, उलटलं, पुन्हा सरळ केलं.

"श्रीरंग, लोखंड पांढरं?"

"ताजं असताना," श्रीरंग म्हणाला. "मग हवेनं रंग बदलतो. ऑक्सिडेशन."

"अरे आपण लॅबमध्ये दहा वेळा बघितलंय. तांबूस असतं."

"तू उशिरा बघितलंस."

 ऑक्सिडेशन या शब्दापुढं आमच्यातलं कोणीच उभं राहू शकत नव्हतं. सुमेधा एकटी उभी राहिली. तिनं स्वतःची प्रत परत केली आणि इतिवृत्तात लिहिलं, 'एका सभासदाचा आक्षेप नोंदवण्यात आला.' बाकी आम्ही प्रती घेऊन घरी गेलो आणि रट्टा मारला. गाणं पाठ व्हायला एक महिना लागला होता. विसरायला दोन दिवस पुरले. लाज वाटली की विसरायला वेळ लागत नाही.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. उंच, पांढरेशुभ्र केस, पुण्याची स्वच्छ भाषा. आम्हाला पुड्या वाटल्या. मला आली ती पिवळसर. मी क्रमानं चालत तिसऱ्या गटाला पोचलो, क्लोराइड घातलं, हायड्रॉक्साइड घातलं, आणि नळीत दाट तांबूस साका उतरला. मी बघितला. नोट्स आठवल्या. पुन्हा बघितला. डोळे म्हणाले तांबूस, सायक्लोस्टाइल म्हणालं पांढरा. डोळे मराठी माध्यमाचे होते. मी त्यांचं ऐकलं नाही. स्वच्छ अक्षरात लिहिलं : व्हाइट, फायब्रस.

परीक्षक माझ्यापाशी आले. उत्तरपत्रिका वाचली. नळी उजेडात धरली. पुन्हा उत्तरपत्रिका वाचली.

"हा पांढरा?"

"यस सर. ताजा असताना, सर."

"आणि हे फायब्रस म्हणजे काय?"

"धागे असतात, सर."

"अस्सं. मला एक धागा काढून दाखवा."

मी नळीत काचेची कांडी घालून धागा शोधू लागलो. माणूस खरंच शोधू लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. परीक्षकांनी थोडा वेळ माझी वाट बघितली आणि शेजारी चंदूकडे वळले. चंदूच्या टेबलावर नळीच नव्हती.

"तुमची टेस्ट ट्यूब?"

चंदूनं खालचा कप्पा दोन बोटं उघडला. "अंधारात ठेवलीय, सर."

"का? झोपलीय ती?"

त्यापुढच्या टेबलावर निकेल पांढरं होतं. त्यापुढच्या टेबलावर कोबाल्ट. परीक्षक परत माझ्याकडे आले. आवाज चढला नव्हता, उतरला होता, ते वाईट.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

आता सांगतो ते मी पुढं कोणाला सांगितलेलं नाही. श्रीरंग माझ्या समोरच्या रांगेत होता. तो वळून बघत होता. माझ्या जिभेवर त्याचं नाव आलं होतं. पण अध्यक्षाचं नाव घ्यायचं म्हणजे घटनेत बसतं की नाही, कोण जाणे. आणि नोट्सच्या खाली छापलेलं होतंच, लोकस्रोत. लोक म्हणजे कोण? आपण थोडेच लोक.

"सगुणा, सर," मी म्हणालो. "मूळ तिचं आहे."

दोन टेबलं सोडून सगुणा उभी होती. तिलाही लोखंडच आलेलं.

परीक्षक तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "तुम्ही या सगळ्यांना उत्तरं पुरवलीत? हे सामुदायिक कॉपीचं प्रकरण आहे. मी तुमची उत्तरपत्रिका बाजूला काढून ठेवतो."

सगुणाचा चेहरा सुकला. बाजूला म्हणजे काय ते तिला कळत होतं : बाजूला म्हणजे मांडव, आत्या, जन्मभर दुसऱ्यांच्या हळदी. मागच्या वर्षी जशी उभी होती तशीच खांबासारखी उभी राहिली. 

"सर," सुमेधा आपल्या टेबलावरून बोलली. परीक्षा चालू असताना बोलायचं नसतं; तिचीही पत्रिका बाजूला गेली असती. "सर, तिनं उत्तरं नाही दिली. तिनं गाणं केलं होतं. भाषांतर दुसऱ्यानं केलं. सगुणा, सांग ना. धवला म्हणजे काय ते सांग सरांना."

"धवल म्हणजे शुभ्र," परीक्षकच म्हणाले. "संस्कृत शब्द आहे."

आणि कसा कोण जाणे, त्या वाक्यानं सगुणाला वाचा फुटली. इंग्रजीत विचारलं असतं तर ती गप्प राहिली असती. पण हे तिच्या घरातलं निघालं.

"नाय सर," ती म्हणाली. "धवला म्हनजे लग्नाचं गानं. पांढरा नाय."

"कोशात धवल म्हणजे पांढरा असंच दिलेलं आहे."

"कोश लग्नाला आला नव्हता, सर."

कोणीतरी फिस्सकन हसलं. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी तिची उत्तरपत्रिका उचलली. तिच्यात लिहिलं होतं 'रेडिश ब्राउन', ब्राउनचं स्पेलिंग चुकलेलं. त्यांनी तिची नळी उचलली, उजेडात धरली.

"आधी क्लोराइड का घालतात?" त्यांनी विचारलं. आणि मग, बहुधा सवयीनं, तेच पुन्हा इंग्रजीत विचारलं.

हाच तो मागच्या वर्षीचा 'का'.  सगुणाचे ओठ हलले, गाणं आत चालू झालेलं मला दिसत होतं, 'पुढं चाले क्लोराइड करवली'. मग ती एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवत बोलली :

"इफ नो क्लोराइड, सर... हायड्रॉक्साइड बिकम टू मच स्ट्राँग. देन... देन नेक्स्ट पंगत ऑल्सो सिट्स, सर."

"नेक्स्ट काय?"

"पंगत, सर. नेक्स्ट ग्रूप. दे हॅव टु वेट. बट दे कम अँड सिट."

परीक्षक नळीकडे बघत राहिले. क्लोराइडमुळे हायड्रॉक्साइडचा जोर आवरतो आणि पुढच्या गटाचे धातू मध्येच साका होऊन बसत नाहीत. पुस्तकात हे सव्वा पान चालतं आणि शेवटी कोणाला कळत नाही. त्यांच्या मिशीचं एक टोक जरासं हललं.

"भाषेचे गुण मला कापावे लागतील," ते म्हणाले, आणि तिची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात ठेवली. बाजूला नव्हे, गठ्ठ्यात.

मग ते श्रीरंगच्या टेबलाशी गेले. आम्हाला वाटलं, आता कळेल, आता फुटेल. परीक्षकांनी उत्तरपत्रिका वाचली. लाल शाईत अधोरेखन, पट्टीनं आखलेला तक्ता, आणि साक्याचा रंग : व्हाइट. त्यांनी नळी उचलली. नळीत साका होता, आणि तो पांढरा होता. श्रीरंगला जस्त आलं होतं. चौथ्या पंगतीतला तेवढा एकच पाहुणा खरोखर पांढरा.

"छान," परीक्षक म्हणाले. "एक तरी व्यवस्थित विद्यार्थी आहे."

निकाल लागला. पन्नासपैकी श्रीरंगला चव्वेचाळीस. सुमेधाला एकेचाळीस. सगुणाला एकोणीस; पासाला अठरा लागत. मला अकरा आणि चंदूला नऊ. नवांपैकी सहा जणांना केटी लागली, म्हणजे आदल्या वर्षी सगुणाचं झालं तसं, तेवढ्या विषयाची परीक्षा पुन्हा.

आवडाबाईनं भाचीला विचारलं म्हणे, "एकोनीस म्हंजे किती?"

"पास."

"येवरंसंच पास?"

"पुरतं, आत्या."

आवडाबाई मग दिवसभर कोणाशी बोलली नाही, आणि संध्याकाळी तिनं सगुणाच्या पानात जिताडा माशाचा मोठा तुकडा वाढला. तेही न बोलताच.

मंडळाची अखेरची सभा त्याच आठवड्यात भरली. श्रीरंगनं ठराव मांडला की, लोकभाषेच्या संदिग्धतेमुळे मंडळाचं शैक्षणिक नुकसान झालं असून, पुढील वर्षी अशी सामग्री वापरण्यापूर्वी ती तपासून घेण्यात यावी.

"कोणाकडून तपासायची?" सुमेधानं विचारलं.

"माझ्याकडून," श्रीरंग म्हणाला. "मला चव्वेचाळीस आहेत."

"जस्त आलं म्हणून!"

"यश हे यश असतं, सुमेधा."

सहा नापासांनी ठरावाच्या बाजूनं हात वर केले. मी पण केला. का केला, विचारू नका; सगळ्यांचे वर होते, खाली एकटा हात कसा ठेवायचा? मग ठरावात 'संदिग्धतेमुळे'नंतर स्वल्पविराम हवा की नको यावर चर्चा सुरू झाली. सुमेधानं वही मिटली, पेनाला टोपण घातलं, आणि वही अध्यक्षांच्या मांडीवर ठेवून जिना उतरून गेली. सगुणा त्या सभेला आलीच नव्हती. तिला एस.वाय.चा फॉर्म भरायचा होता.

फॉर्मच्या दिवशी ऑफिसच्या दोन खिडक्यांपुढे दोन रांगा. एक एस.वाय. प्रवेशाची, एक केटीची. मी केटीच्या रांगेत. शेजारच्या रांगेत, अगदी हाताच्या अंतरावर, सगुणा.

बराच वेळ मी फॉर्मवर माझं नाव गिरवत राहिलो. मग म्हणालो, "सगुणा, त्या दिवशी मी तुझं नाव..."

"घेतलास. मी काय बहिरी हाय?"

"चुकलं गं."

"हां."

ती एवढंच म्हणाली. पुढं मला वाटलं, माफ केलं म्हणेल, नाहीतर शिव्या तरी घालेल. तिनं दोन्ही केलं नाही. खिडकीच्या जाळीतून आत बघत होती, तिथं बाबुराव क्लार्क एकेकाचा फॉर्म घेत होते.

"मला शिकवशील का? परत?" मी विचारलं. "ते लोखंडाचं. मला आता आठवत पण नाही."

"सुमेधाला इचार. आयतवारी आंबिवलीला बसतो आमी. तिचे वट्यावर." मग माझ्याकडे वळून बघत म्हणाली, "पन विश्राम, एक सांगते. तू तुझ्या डोल्यांदेखत काथाला पांढरा लिवलास ना, तेला माझ्याकडं गानं नाय हाय. ते तुलाच बघायला लागंल."

"पुढं या," बाबुराव आतून ओरडले. "विषय?"

"केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स," सगुणा म्हणाली, आणि फॉर्म जाळीखालून आत सरकवला.

तिची रांग पुढं सरकली. मी माझ्या खिडकीत डोकावलो. खुर्ची रिकामी होती. केटीवाले साहेब चहाला गेले होते.